हिरड्यांचे मौन

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो, तो असा : ‘दात घासताना हिरड्यांतून रक्त येते काय?’ विडी-सिगारेट ओढणारा बावीस-चोवीस वर्षांचा तरुण या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देतो, आणि पुष्कळदा ते उत्तर खरे असते. त्याच्या हिरड्या लालबुंद झालेल्या नसतात, सुजलेल्या दिसत नाहीत, ब्रशला रक्त लागत नाही. दात थोडे काळवंडलेले, एवढेच काय ते आरशात दिसते. पण दात आणि हिरडी यांच्यामधून बारीक सळई खाली सरकवली की ती जेथे थांबायला हवी तेथे थांबत नाही. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटरवर अडते. येथे ती पाच-सहा मिलिमीटर आत जाते. दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजत चाललेले असते, आणि त्या झिजण्याची वर्दी शरीराने त्या तरुणाला दिलेलीच नसते.

हे कसे घडते ते नीट समजून घ्यायला हवे. दातांच्या मुळाशी जंतूंचा एक चिकट थर रोज साचतो. तो वेळच्या वेळी निघाला नाही तर कठीण होऊन त्याचे कीटण बनते, हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागते. या अवस्थेपर्यंत सारे परत फिरण्याजोगे असते. दात स्वच्छ झाले की हिरडी पूर्ववत होते. येणारे रक्त ही म्हणजे निसर्गाने वाजवलेली धोक्याची घंटाच होय. पुढच्या अवस्थेत मात्र हिरडी दातापासून सुटू लागते, मध्ये खोल कप्पे तयार होतात आणि आतले हाड विरघळू लागते. लोक ज्याला ‘पायोरिया’ म्हणतात तो हाच. गेलेले हाड आपोआप परत येत नाही. तंबाखूतील निकोटीन हिरडीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि वर्षानुवर्षांच्या धूम्रपानाने तेथील दाहाची सारी प्रक्रियाच दबून जाते. त्यामुळे रक्त येत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ताकद घटते. हिरडीखालच्या कप्प्यांत प्राणवायू कमी होऊन नेमके घातक जंतू फोफावतात. झालेली जखम लवकर भरून येत नाही. थोडक्यात, घर लुटले जात असताना राखणदाराला अफू पाजून निजवावे, तसा हा प्रकार आहे. आजाराची खूण नाहीशी होते आणि आजार वाढत राहतो.

हे नुकसान किती मोठे, याचा हिशेबही मांडला गेलेला आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील बारा हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांत हिरड्यांचा हा गंभीर रोग असण्याची शक्यता, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे चौपट आढळली. दिवसाला नऊ किंवा त्याहून कमी सिगारेटी ओढणाऱ्यांतही ती पावणेतीन पटींच्या आसपास होती. तेव्हा ‘दिवसाकाठी चार-पाचच तर ओढतो’ या समाधानाला फारसा अर्थ नाही. तरुणांच्या दृष्टीने १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा एक अमेरिकन अभ्यास अधिक बोलका आहे. मधुमेह नसलेल्या १९ ते ३० वर्षे वयाच्या मंडळींत या रोगाचा जवळजवळ निम्मा भार धूम्रपानाच्या खाती जमा होतो, असे त्यात दिसून आले. तिशीनंतरच्या गटात हे प्रमाण त्याहून कमी होते. म्हातारपणी इतर कारणांनीही हिरड्या खचतात, पण विशीतल्या माणसाच्या हिरड्या खचण्याचे तेवढे दुसरे कारण नसते.

आणि ही जाण आजकालची नव्हे. पहिल्या महायुद्धात खंदकांत अडकून पडलेल्या कोवळ्या सैनिकांच्या हिरड्या सडू लागल्या, तेव्हा त्या दुखण्याला ‘खंदकातले तोंड’ असेच नाव पडले. अपुरी झोप, निकृष्ट अन्न, मरणाची धास्ती आणि अखंड धूम्रपान, या चौकडीतून ते उद्भवत होते. डेन्मार्कच्या येन्स पिंडबोर्ग या दंतशास्त्रज्ञाने तरुण सैनिकांची तोंडे तपासून या दुखण्याचा तंबाखूशी असलेला संबंध १९४७ साली आकडेवारीनिशी मांडला. हेच पिंडबोर्ग पुढे भारतात आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या बरोबरीने त्यांनी खेड्यापाड्यांत काम केले. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला त्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय मुखकर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्था हा होता. म्हणजे तंबाखू मराठी माणसाच्या तोंडाचे काय करतो हे पाहण्याची विद्या आणि पद्धत या राज्याला अर्धशतकाहून अधिक काळ अवगत आहे. पाहण्याची इच्छा मात्र कर्करोगापाशी येऊन थांबली.

खंदकातले ते वर्णन वाचून भिवंडी, मालेगाव वा इचलकरंजीच्या यंत्रमागाची शेड डोळ्यांपुढे यावी, यात नवल नाही. बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत तरंगणारा कापसाचा तंतू, रात्रपाळीत डोळ्यांवर येणारी झापड; आणि त्या झापडीवर उतारा म्हणून खिशातली विडी. सुशिक्षित समाज या विडीकडे ‘व्यसन’ म्हणून पाहतो आणि उपदेशाची एक पुडी सोडून मोकळा होतो. पण श्रमिकाच्या जगात विडीला आणखी एक अर्थ आहे, तो उपदेशकांच्या ध्यानी येत नाही. नुसता बसून राहिलेला कामगार मुकादमाच्या डोळ्यांत खुपतो. विडी ओढायला बाहेर गेलेल्याला मात्र पाच मिनिटे कोणी काही बोलत नाही. बांधकामावरचा बिगारी असो, हॉटेलातला पोऱ्या असो की ट्रकवरचा क्लीनर असो, ज्याला विश्रांतीचा हक्क नाही त्याला तलफेची तेवढी सवलत आहे. ज्या व्यवस्थेत दहा मिनिटांची विसावा-सुटी मागणे हा उद्दामपणा ठरतो, त्या व्यवस्थेत तरुणाने विडी शिकावी यात त्याच्या चारित्र्याचा दोष किती आणि त्या व्यवस्थेचा किती, हे एकदा प्रामाणिकपणे ठरवले गेले पाहिजे.

येथे एक वस्तुस्थिती नमूद करणे आवश्यक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के होते. तंबाखू चघळणारे, मळणारे, लावणारे मात्र २४.४ टक्के. देशाचा विचार केला तर धूम्रपान करणारे १०.७ टक्के, आणि त्यांत सिगारेटवाल्यांपेक्षा विडीवाल्यांची संख्या कितीतरी मोठी. तेव्हा महाराष्ट्रात धूर हा अल्पसंख्याकांचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल. पण हे ३.८ टक्के म्हणजेही लक्षावधी माणसे आहेत. शिवाय मळलेला तंबाखू गालात धरला की तेथली हिरडी मागे सरते आणि दाताचे मूळ उघडे पडते. हे निदान दिसते तरी. धुराचे काम अदृश्य असते. राहिली मिश्री. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड घरोघरच्या स्त्रिया दात ‘बळकट’ व्हावेत म्हणून हिरड्यांना लावत आल्या. तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्र शासनाने १९९२ मध्येच बंदी घातली, पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कोणता कायदा पोचणार?

विडीविषयी आणखी एक भ्रम आहे. पानात गुंडाळलेली, देशी, गरिबाची, म्हणून ती सिगारेटहून सौम्य, असे पुष्कळांना मनापासून वाटते. विडीत तंबाखू सिगारेटच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा असतो हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा शिरत नसल्याने ती विझू नये म्हणून लागोपाठ आणि जोराने ओढावी लागते. परिणामी निकोटीन, डांबरी द्रव्य आणि कार्बन मोनॉक्साइड यांची मात्रा सिगारेटपेक्षा कमी तर नसतेच, उलट अधिक भरते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २००३ चा कायदा आहे, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून कडक निर्बंध आहेत, एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापलेला आहे. पण ही सारी योजना एका छोट्याशा गोष्टीपाशी गळून पडते. गरीब तरुण पाकीट घेतच नाही. टपरीच्या खांबाला सुंभाची जळती दोरी लोंबत असते, नाही तर दोऱ्याने बांधलेला लायटर. तो सुटी सिगारेट मागतो, पेटवतो आणि निघून जातो. पाकीट आणि त्यावरचे ते भयंकर चित्र टपरीवाल्यापाशीच राहते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विड्या-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. आदेश निघाला, वर्तमानपत्रांत छापून आला, आणि टपरीवरची दोरी आजही जळतेच आहे. दंड करायचा म्हटला तर तो भरणार टपरीवाला, ज्याचे सारे भांडवल एका लाकडी खोक्यात मावते. कारखानदाराच्या केसालाही धक्का लागत नाही.

शिवाय त्या चित्रांत असते काय? कर्करोगाने फाटलेला गाल, विद्रूप गळा. ते सत्य आहे आणि ते दाखवलेच पाहिजे. परंतु विशीतला तरुण स्वतःला त्या चित्रात पाहत नाही. ते त्याला कुण्या म्हाताऱ्याचे, फार दूरच्या काळातले वाटते. कॅनडाने २००० साली चित्रमय इशारे लागू केले तेव्हा त्यांतील एका इशाऱ्यात रोगट दात आणि हिरड्या दाखवल्या होत्या. भारतीय पाकिटावर हिरडीला जागा मिळालेली नाही. वस्तुतः तरुणाला त्याच्याच वयात, त्याच्याच तोंडात घडणारी हानी दाखवली तर ती त्याला अधिक भिडेल. तोंडाची दुर्गंधी, तिशीपस्तिशीत हलू लागलेला पुढचा दात, ज्वारीची भाकरी चावताना भरणारी धास्ती, लग्नाच्या बोलणीत ओठ मिटून हसण्याची पाळी, या गोष्टी मरणाहून लहान असतील. पण त्या त्याच्या ओळखीच्या आहेत.

समजा, एखाद्या तरुणाला शंका आली. तो जाणार कोठे? प्राथमिक आरोग्य केंद्रात सामान्यतः दंतवैद्य नसतो. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत, त्यांतली बहुसंख्य खाजगी. लक्षावधींचे शुल्क भरून बाहेर पडलेला दंतवैद्य ते शुल्क वसूल करण्यासाठी शहरातच दुकान थाटणार, आणि त्याबद्दल त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम २०१४ पासून कागदावर आला. प्रत्यक्षात कीटण काढणे, हिरडीखालची मुळे साफ करणे ही साधी कामे खाजगी दवाखान्यात रोजगाऱ्याचे कित्येक दिवसांचे मजुरीचे पैसे खातात. त्यात दोन-तीन खेपा, म्हणजे तेवढे खाडे. म्हणून तो दुखेपर्यंत थांबतो, आणि धुराने बधिर केलेली हिरडी फार उशिरा दुखते. जेव्हा दुखते तेव्हा दात उपटणे एवढाच उपाय उरतो. गरिबाचे दंतशास्त्र ते एवढेच. श्रीमंताच्या जबड्यात धातूचा खिळा बसवून त्यावर नवा दात उभा राहतो. दोघांनीही सिगारेट ओढली, हाड दोघांचेही गेले, परंतु फळ भोगताना वर्ग आडवा आलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे शंभर कोटी लोकांना हिरड्यांचा गंभीर रोग आहे. एवढ्या मोठ्या रोगाला सार्वजनिक आरोग्याच्या अंदाजपत्रकात नाव घेण्याइतकीही प्रतिष्ठा नसावी, याचे कारण तो माणसाला मारत नाही हेच असावे.

सर्वांत मोठा घात होतो तो सोडणाऱ्याचा. मनाचा हिय्या करून एखादा तरुण धूम्रपान बंद करतो. काही आठवड्यांतच दात घासताना त्याला रक्त दिसू लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत धूम्रपान सोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढल्याचे आढळले, आणि तेही तोंडाची स्वच्छता सुधारलेली असताना. अर्थ उघड आहे : दबलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत आहेत, हिरडी पुन्हा बोलू लागली आहे. हे रक्त बरे होण्याच्या वाटेवरचे रक्त आहे. पण हे त्या तरुणाला कोणी सांगितलेले नसते. ‘ओढत होतो तेव्हा तर सारे ठीक होते, सोडली आणि रक्त सुरू झाले’ असे तो म्हणतो. टपरीवरचे मित्र माना डोलावतात, आणि विडी पुन्हा पेटते. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे, पाकिटावर तिचा क्रमांकही छापलेला असतो. पण पाकीट कोठे राहते ते वर आलेच आहे. वास्तविक सोडणाऱ्याला सांगण्याजोगी चांगली बातमीही शास्त्रापाशी आहे. वर उल्लेखिलेल्या २००० सालच्या अभ्यासात, सोडून अकरा वर्षे झालेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास आलेला दिसला. गेलेले हाड येत नाही, पण राहिलेले राहते. बाविसाव्या वर्षी सोडणारा तेहेतिसाव्या वर्षी त्या रांगेत जाऊन बसू शकतो.

आता जो प्रश्न डाव्या आणि समाजवादी चळवळीला टाळता येणार नाही, त्याकडे वळावे लागेल. धूम्रपानाविरुद्ध बोलताना या चळवळीची जीभ नेहमीच जराशी अडखळत आली आहे, आणि त्याचे कारण लज्जास्पद नाही. देशात सुमारे पन्नास लाख विडी कामगार आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. सोलापूरच्या विडी कामगार बायांनी हक्काच्या घरांसाठी केलेला लढा, निपाणीच्या तंबाखू उत्पादकांवर एप्रिल १९८१ मध्ये झालेला गोळीबार, या गोष्टी विसरता येण्यासारख्या नाहीत. त्यामुळे विडीवर कर वाढवा असे म्हटले की कारखानदार त्या बाईला पुढे करतो, आणि तिच्या संघटनेलाही नाइलाजाने त्याच्याच सुरात सूर मिसळावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट आणि गुटख्याला ४० टक्क्यांचा दर ठरवला, आणि त्याच बैठकीत विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेंदूच्या पानावरचा १८ वरून ५ वर. युक्तिवाद तोच : गरीब कामगारांचे हित. मग प्रश्न असा की, १९७६ च्या कायद्याने विडीवर बसवलेला आणि कामगारांच्या दवाखान्यांसाठी, घरांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी राखून ठेवलेला कल्याण उपकर २०१७ मध्ये रद्द झाला, तेव्हा हे हित कोठे गेले होते? हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीत या करकपातीने एका रुपयाची तरी भर पडणार आहे काय? खराब म्हणून विड्या बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी कापायची, ही जुनी रीत थांबणार आहे काय? कर कमी झाल्याने स्वस्त होणार ती विडी, आणि ती स्वस्त होणार त्याच यंत्रमागाच्या शेडमधल्या पोराला. त्याची आई सोलापुरात विड्या वळते आणि तो भिवंडीत ओढतो, असे घर शोधायला फार हिंडावे लागणार नाही. एका घराच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या या दोघांची भांडणे लावून मधल्यामध्ये कारखानदार सुरक्षित राहतो. त्याच वेळी देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सार्वजनिक मालकीच्या आयुर्विमा महामंडळाचा पंधरा टक्क्यांच्या आसपास हिस्सा असतो. म्हणजे लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणाऱ्या संस्थेचे पैसे लोकांच्या धुरातून वाढतात.

या दोघांचे हित एकत्र मांडणारी मागणी अवघड असली तरी अशक्य नाही. विडीवरचा कर पूर्ववत करावा, आणि त्यातला ठरावीक वाटा, पूर्वीच्या उपकराप्रमाणे कायद्याने बांधून, विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या पर्यायी रोजगारासाठी व उपचारासाठीच खर्च व्हावा. यंत्रमागावर आणि बांधकामावर विसाव्याची सुटी विडीच्या निमित्तावाचून मिळावी, हे कामगार संघटनांनी मागण्यांच्या पत्रकात घालावे. आजवर ते कितीशा पत्रकांत आले आहे? आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर दंतआरोग्य सेवकाचे पद निर्माण व्हावे. त्याला लागणारी सामग्री म्हणजे एक छोटा आरसा आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली एक सळई. दोन्ही निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरता येतात. पोलीसभरतीच्या मैदानावर हजारो तरुणांची उंची मोजतात, छाती मोजतात, त्यांना पळवून पाहतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, महाविद्यालयांत, यंत्रमागांच्या वस्त्यांत वर्षातून एकदा त्यांना तोंड उघडायला सांगावे. ‘रक्त येते काय’ हे विचारून थांबू नये. ‘ओढतोस काय’ हे विचारावे, आणि उत्तर काहीही आले तरी सळई घालून पाहावी.